जोसेफ यहेज्केल राजपूरकर : हिब्रू प्रार्थनेचा मराठी अन्वय

कोकणात स्थिरावलेल्या बेने इस्राएल समाजाची व्यवहारभाषा मराठी, तर उपासनेची भाषा हिब्रू होती. पेण, रोहा व अलिबाग परिसरात तेलाचे घाणे चालविणारी ही कुटुंबे शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यावरूनच त्यांना शनवार तेली हे नाव पडले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे त्या वस्तीची साक्ष देतात. ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारा शमा त्यांच्या मुखी टिकून होता. तथापि ग्रंथपरंपरा क्षीण झाल्याने श्रद्धा उरली आणि अर्थ दुरावला. हा दुरावा मिटविणे हेच जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४-१९०५) यांचे जीवितकार्य ठरले.

१८५६ मध्ये ते मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक झाले. १८६१ मध्ये मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे आले व सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ते सांभाळले. मुंबई विद्यापीठाचे हिब्रू परीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले होते. पण त्यामागील प्रेरणा मिशनरी होती. राजपूरकरांनी हेच कार्य उपासकाच्या भूमिकेतून हाती घेतले आणि प्रामुख्याने प्रार्थनाग्रंथांची मिळून सुमारे वीस पुस्तके मराठीत आणली. १८६३ मध्ये पेण येथे सिनेगॉग उभे राहिले, तो काळही हाच होय.

हे कार्य केवळ शब्दांतराचे नव्हते. जळत्या झुडपापुढे मोशे पादत्राणे काढतो आणि मुख झाकून घेतो. देवदूतांनी केलेला त्रिवार पावित्र्यघोष ऐकून यशयाला स्वतःच्या अशुद्धतेची जाणीव होते. हाच घोष उपासक पाय जुळवून उभ्याने उच्चारतात. हिब्रूतील यिरआ या एकाच शब्दात भय आणि आदर दोन्ही सामावतात. मराठीत केवळ भय म्हटले तर जवळीक हरपते, केवळ भक्ती म्हटले तर दरारा ओसरतो. ज्या ईश्वराचे मूळ नाव उच्चारायचेच नाही, त्याला घरच्या भाषेत हाक मारताना अंतर राखणे, ही अशा प्रत्येक अनुवादाची कसोटी होय.

सिनेगॉगमधील हिब्रू पठण पुढेही चालू राहिले; मराठीने त्याची जागा घेतली नाही, तर त्याला अर्थ दिला. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तरीही एकोणिसाव्या शतकातील मराठी धार्मिक गद्याचा विचार केवळ हिंदू व ख्रिस्ती वाङ्मयापुरता सीमित ठेवता येणार नाही, हे राजपूरकरांच्या कार्यावरून स्पष्ट होते.