चित्रातल्या पाखरांना जीव देणारा माणूस

घरातल्या मोठ्यांना 'एक अनेक और एकता' या कार्टून फिल्मबद्दल विचारून बघा. निम्मे तरी लगेच गुणगुणायला लागतील. मग मोबाइलवर ती फिल्म लावा, पण आधी आवाज बंद करून. पाखरं सपाट, पारधी सपाट, जाळं म्हणजे नुसत्या रेघा. आता आवाज सुरू करा. आपल्या मूलच्या एखाद्या राइस मिलच्या अंगणात सांडलेल्या धानावरून चिमण्यांचा थवा भुर्रकन उठतो ना, तसं वाटतं. चित्र तेच आहे, बरं का! फरक केलाय वसंत देसाईंनी.

देसाई जन्मले 1912 साली, कुडाळजवळच्या सोनवडे गावात. 1929 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीत शिरले तेव्हा सिनेमा मुकाच होता. पडेल ते काम केलं, पडद्यावरही उभे राहिले. 1932 मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. मुक्या चित्राला आवाज मिळाला की काय होतं, ते त्यांनी असं आतून पाहिलं. पुढे शांतारामबापूंच्या राजकमलमध्ये 'शकुंतला', 'अमर भूपाळी', 'दो आंखें बारह हाथ'... यादी मोठी आहे. शाळेतल्या पोरांकडून समूहगान गाऊन घेणं, हाही त्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

तेच 1974 साली कामी आलं. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. आता विचार करा, कॅमेऱ्यासमोर खरी माणसं असली तर त्यांचा आवाज तिथेच पकडता येतो. कागद काही बोलत नाही. सगळं बाहेरूनच आणावं लागतं. इथे खऱ्या पोरांचे आवाज आणले. त्यातली गाणारी ताई म्हणजे तेव्हाची छोटी साधना सरगम. ताई एक ओळ म्हणते, पोरं उत्तर देतात, आवाजात आवाज मिसळतो. 'एक'चे 'अनेक' झालेले डोळ्यांआधी कानांना कळतात. मला तर ही फिल्म पाहण्यापेक्षा ऐकण्याचीच वाटते.

तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण 22 डिसेंबर 1975 ला, दिवसभराचं रेकॉर्डिंग आटोपून मुंबईत घरी परतलेले देसाई इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात गेले. टीव्ही तेव्हा मोजक्याच शहरांत होता. ज्या पोरांनी पुढे हे गाणं पाठ केलं, त्यातली कितीतरी तेव्हा जन्मलीही नव्हती.