डॉ. ड्यू बॉइस : घरोघर फिरून कुटुंब शिकलेले प्राध्यापक

वाचकहो, मुले कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली की कोणता विषय घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. डॉक्टरी, वकिली, हिशेब ही नावे लगेच पुढे येतात. पण एखादी मुलगी म्हणाली की मला समाजशास्त्र व कुटुंबाचा अभ्यास करावयाचा आहे, तर वडीलधारी मंडळी गोंधळतात. कुटुंब तर आपण रोजच पाहतो, त्यात शिकावयाचे काय, असे त्यांना वाटते. अशा मंडळींसाठी आज आम्ही अमेरिकेतील एका थोर कृष्णवर्णीय विद्वानाचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत.

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. गुलामगिरी संपून तेव्हा तीनच वर्षे लोटली होती. वडील लवकरच घर सोडून गेले. आईने कष्ट करून मुलाला शिकविले आणि १८८५ साली तीही वारली. गावच्या व आसपासच्या चर्चमधील मंडळींनी वर्गणी काढली आणि सतरा वर्षांचा हा मुलगा दक्षिणेत नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात दाखल झाला. गुलामगिरीतून सुटलेल्यांना शिक्षण मिळावे म्हणून ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६६ साली हे विद्यापीठ सुरू केले होते.

सुट्टीत ड्यू बॉइस टेनेसीच्या डोंगराळ खेड्यांत शिकवावयास जात. शाळा म्हणजे मका साठविण्याची लाकडी खोपटी. तेथे जोसी नावाची एक मुलगी होती. घरच्या कामाचा भार तिच्यावर, तरी शिकण्याची ओढ मोठी. दहा वर्षांनी ते त्या खेड्यात परत गेले, तेव्हा जोसी या जगात नव्हती. काबाडकष्टांनी ती झिजून गेली होती. एखादे घर का वर येते आणि एखादे का खचते, या प्रश्नाचा पहिला धडा त्यांना असा मिळाला.

पुढे हार्वर्ड आणि बर्लिन येथे शिकून १८९५ साली ते हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टरेट झाले. पहिली नोकरी ओहायोतील विल्बरफोर्स या ख्रिस्ती विद्यापीठात मिळाली. तेथे त्यांना समाजशास्त्र शिकवावयाचे होते, परंतु परवानगी मिळाली नाही. लॅटिन, ग्रीक, जर्मन शिकवावे लागले. एकदा प्रार्थनासभेत, न विचारताच, आता प्राध्यापक प्रार्थना सांगतील असे जाहीर झाले. त्यांनी तेथल्या तेथे साफ नकार दिला आणि नोकरी जाता जाता वाचली. याच विद्यापीठातील विद्यार्थिनी नीना गोमर यांच्याशी १८९६ साली त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षी त्यांना फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीयांच्या पाहणीचे काम मिळाले. शहराच्या बिघाडाचे मूळ हेच लोक, अशी पुष्कळांची समजूत होती. नवविवाहित जोडपे त्याच गरीब वस्तीत एका खोलीत राहिले. ड्यू बॉइस स्वतः सुमारे अडीच हजार घरांची दारे ठोठावत हिंडले. घरात माणसे किती, कमाई किती, भाडे किती, कोण काय काम करतो, हे त्यांनी टिपून घेतले. १८९९ साली ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ निघाला. दोष त्यांनी झाकले नाहीत. पण दोषाचे मूळ रक्तात नसून गुलामगिरीच्या वारशात, बंद झालेल्या नोकऱ्यांत आणि जादा भाड्यात आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले.

१८९७ पासून ते अटलांटा विद्यापीठात होते. हेही मिशनऱ्यांच्या आधाराने उभे राहिलेले. तेथे मात्र त्यांना मनासारखे काम मिळाले. दरवर्षी एक विषय घेऊन ते पाहणी करीत. १९०८ सालचा विषय होता कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंब. ज्यांच्या लग्नाला कायदा मानीत नव्हता, ज्यांची मुले बाजारात विकली जात, त्यांनी पुन्हा संसार कसे उभे केले, याचा तो हिशेब होता. प्रार्थना सांगण्यास नकार देणाऱ्या या प्राध्यापकाने अटलांटातील आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतःच छोट्या छोट्या प्रार्थना लिहिल्या. १९८० साली त्या पुस्तकरूपाने निघाल्या.

कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरावरही घाव पडला. १८९९ च्या एप्रिलमध्ये अटलांटाजवळ एका कृष्णवर्णीय शेतमजुराला जमावाने हाल करून ठार मारले. नुसते आकडे मांडून भागणार नाही, हे ड्यू बॉइस यांना तेव्हा कळले. पुढच्याच महिन्यात त्यांचा दीड वर्षांचा मुलगा घटसर्पाने गेला. त्या शहराच्या मातीत त्याला पुरण्यास आईबापांचे मन झाले नाही. ग्रेट बॅरिंग्टनला नेऊन त्यांनी त्याला मूठमाती दिली.

पुढे १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या संस्थापकांत ते होते. चोवीस वर्षे त्यांनी तिचे मासिक चालविले. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची माहिती मागविली आणि ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घाना देशात, अक्रा येथे, ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्यांच्या आजोबांच्या आजीला आफ्रिकेतून धरून आणले होते. ती मुलांना एक गाणे म्हणून दाखवी. पिढ्यानपिढ्या ते घरात टिकले. शब्दांचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, तरी सूर सर्वांना कळे. वाचकहो, दूरच्या किनाऱ्यावरून ऊसमळ्यांत आलेल्या आपल्या पूर्वजांची अशी गाणी आपल्याही घरांत आहेत. तेव्हा उद्या आपली मुलगी कुटुंबाचा अभ्यास करते म्हणाली, तर तिला अडवू नये. वही घेऊन पहिल्यांदा आजीजवळ बसावयास सांगावे, एवढीच आमची विनंती.