इब्न खल्दून आणि भाषेचे कसब

पालकहो, मुलाला व्याकरणात भरघोस गुण मिळतात, पण मामूंना चार ओळींचे पत्र लिहायला सांगितले की लेखणी अडते, हा अनुभव आपणांस नवा नसेल. सहाशे वर्षांपूर्वी इब्न खल्दून यांनी मोठमोठ्या व्याकरणपंडितांची हीच गत पाहिली होती.

इ. स. १३३२ मध्ये ट्यूनिस येथे जन्मलेल्या या विद्वानाचे आईवडील १३४८-४९ च्या प्लेगमध्ये दगावले. पुढे दरबारी नोकऱ्या आल्या, कारस्थाने आली, फेझ येथील तुरुंगवासही चुकला नाही. अखेर आजच्या अल्जीरियातील एका गढीत राहून १३७७ मध्ये त्यांनी 'मुकद्दिमा' हा ग्रंथ पुरा केला.

राज्ये का उभी राहतात नि का कोसळतात, याबद्दल हा ग्रंथ गाजला. त्यातील भाषेवरची प्रकरणे मात्र फारसे कोणी वाचत नाही. शिवणकामाची सारी माहिती तोंडपाठ असलेल्याला सुईदोरा चालविता येईलच असे नाही. व्याकरणाचेही तसेच, असे त्यांचे मत. भाषा येते ती चांगले ऐकून, पाठ करून आणि पुन्हा पुन्हा वापरून. अरबीचे थोर व्याकरणकार सीबवैह वंशाने इराणी. पण वाढले अरबी बोलणाऱ्यांत.

एक भाषा जिभेवर पक्की बसली की दुसरी तितकी साधत नाही, हे त्यांचे म्हणणे मला जरा कडक वाटते. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू बोलणारी मुले आपण पाहतोच. अर्थात लहान वयाचा अपवाद त्यांनीही ठेवला आहे.

मगरिबात मुलांना केवळ कुरआन शिकवीत. अंदलुसमध्ये जोडीला काव्य व पत्रलेखनही असे. त्यामुळे मगरिबी मुलांची भाषा तोकडी राहते, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. काझी अबू बक्र इब्नुल अरबी यांनी आधी भाषा व काव्य, मग हिशेब, नंतर कुरआन असा क्रम सुचविला होता. इब्न खल्दून यांना तो पसंत पडला. पण रूढी तो चालू देणार नाही, हेही ते जाणून होते. मूल मोठे होऊन हाताबाहेर गेले तर कुरआन राहूनच जाईल, ही आईबापांची धास्ती त्यांनी थट्टेवारी नेली नाही. मारून शिकविण्याला मात्र त्यांचा सक्त विरोध होता. अशी मुले खोटे बोलायला शिकतात, असे ते मानीत.

१३८४ मध्ये ते कैरोत काझी झाले आणि त्याच सुमारास त्यांच्या कुटुंबाला आणणारे जहाज बुडाले. १४०१ मध्ये दमास्कसबाहेर तैमूरशी त्यांची भेट झाली, तेव्हा बोलणे दुभाष्यामार्फत चालले. तैमूरने मगरिबचे वर्णन मागितले, ते त्यांनी लिहून दिले. १४०६ मध्ये कैरोतच त्यांचे निधन झाले.