पाणी कुठे मुरते, हे शोधणारा माणूस

बारामती, इंदापूर किंवा भिगवणच्या एखाद्या नव्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची पेटी येते. त्याच दिवशी दुकानातून गोल्डफिश, मॉली, एंजल अशा जोड्या पिशवीत भरून आणल्या जातात. पाणी नितळ असते, पंपाचे बुडबुडे चालू असतात, मुले दिवसातून चार वेळा खाद्य टाकतात. आठवडा-दहा दिवस उलटतात आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. मग एकेक करून ते उलटे तरंगताना दिसतात. घरात पाण्याला, खाद्याला, दुकानदाराला आणि शेवटी कुणाच्या तरी नजरेला दोष दिला जातो. पेटी रिकामी होते, वाळू आणि स्पंज नळाखाली खसाखसा धुतले जातात, नवे मासे येतात आणि पुन्हा तेच घडते. पाणी नेमके कुठे मुरते आहे, याचे उत्तर १८९० साली झुरिकमध्ये राहणाऱ्या एका रशियन संशोधकाने दिले होते. त्याच्यासमोर फिशटँक नव्हता; त्याला मातीचे कोडे सोडवायचे होते. त्याचे नाव सर्गेई विनोग्रादस्की.

विनोग्रादस्कीचा जन्म १८५६ साली कीव्हमधील एका सधन कुटुंबात झाला. पैशाची चिंता नव्हती, आणि कदाचित त्यामुळेच तारुण्यात मन कुठे ठरत नव्हते. प्रथम त्याने कायद्याचा अभ्यास धरला, तो सोडून निसर्गविज्ञान घेतले. तेही रुचेना, तेव्हा १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात दाखल होऊन थिओडोर लेशेटित्स्की या ख्यातनाम गुरूकडे तो पियानो शिकू लागला. दोन वर्षांत तोही मार्ग सुटला. अखेर १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास सुरू झाला आणि या अस्थिर तरुणाला आपली जागा सापडली. पियानोची आवड मात्र पुढेही टिकली.

१८८५ मध्ये तो स्ट्रासबुर्गला अंतोन द बारी या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेला. तेथे गंधकाच्या झऱ्यांत वाढणारा बेज्जिआतोआ नावाचा तंतुमय जीवाणू त्याने अभ्यासाला घेतला. सूक्ष्मदर्शकाखालील काचेवर तो एकाच तंतूचे निरीक्षण दिवसेंदिवस करी. हायड्रोजन सल्फाइड असलेले पाणी दिले की तंतूत गंधकाचे कण जमत. ते पाणी बंद केले की कण नाहीसे होत. साध्या वाटणाऱ्या या निरीक्षणातून मोठा निष्कर्ष निघाला. हा जीव गंधक जाळून जगतो. आपण भाकरीतून जी शक्ती मिळवतो, ती तो निर्जीव खनिजातून मिळवतो. त्या काळी ही कल्पना विचित्रच होती. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या वनस्पती आणि त्यांच्यावर पोसणारे इतर जीव, अशी सृष्टीची दोन भागांत सरळ वाटणी झालेली होती. त्यात हा तिसरा वाटेकरी आला.

१८८८ च्या आरंभी द बारींचे निधन झाले आणि विनोग्रादस्की झुरिकला गेला. तेथे त्याने जे कोडे हाती घेतले, ते मराठी मुलखालाही अपरिचित नाही. गावठाणाची, पडक्या वाड्या-गढ्यांची पांढरी माती गाड्या भरून शेतात टाकण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणि गुरे राहिलेल्या जागेची माती पिकाला मानवते, एवढे शेतकऱ्याला ठाऊक होते. तिच्यात नायट्रेट साठलेले असते. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोराही अशाच मातीतून काढला जाई. प्रश्न असा होता, की मलमूत्रातल्या अमोनियाचे नायट्रेट होते तरी कसे?

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गटाराचे पाणी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून संथपणे सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग एकाएकी खालून नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. म्हणजे हे काम रसायनाचे नव्हते, त्यामागे सजीव होते. आजच्या कोणत्याही फिशटँकमधल्या फिल्टरची गोष्ट या नळीत आली आहे, ते वीस रिकामे दिवससुद्धा.

पण तो सजीव काही केल्या हाती लागेना. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनतज्ज्ञ वर्षानुवर्षे त्याच्यामागे होता. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, असे दोन टप्पे असल्याचे त्याच्या ध्यानात आले होते. मात्र जीवाणू त्यालाही वेगळा काढता आला नाही. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. याच वॉरिंग्टनच्या वडिलांनी, त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच, १८४९ साली लंडनमध्ये काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवून पाणी न बदलता मासे जगवण्याचा प्रयोग केला होता. आधुनिक मत्स्यपेटीचा आरंभ अनेक जण तेथूनच मानतात. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजलेली पाने खाते, मासा जगतो, असा पित्याचा हिशेब होता. त्यात एक भागीदार नोंदायचा राहून गेला होता. त्याच भागीदाराला पकडण्यात पुत्राची उमेदीची वर्षे गेली.

सगळे अडत होते ते एका सवयीपाशी. रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतीने जिलेटिनच्या पोषक थरावर जीवाणू वाढवायचे, ही तेव्हाची सर्वमान्य रीत होती. अशा मेजवानीवर शेकडो जातींचे जीवाणू माजत, पण हवा तो कधीच उगवत नसे. विनोग्रादस्कीने उलट केले. त्याने पानातले सगळे पदार्थच काढून टाकले. साखर नाही, मांसरस नाही, सेंद्रिय असे काहीही नाही; फक्त शुद्ध पाणी, थोडे क्षार आणि अमोनिया. बाकीचे जीवाणू उपासमारीने मागे पडले आणि या दुष्काळात ज्यांना मुळात जेवणाची गरजच नव्हती, ते उरले. ते अमोनिया जाळून शक्ती मिळवत आणि अंधारातही कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवत. १८९० आणि १८९१ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्याचे निबंध क्रमाने प्रसिद्ध झाले. इंग्रज शास्त्रज्ञ पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड यांनीही सुमारास याच दिशेने यश मिळवले होते. पण या जीवांचे जगणे उलगडून सांगितले ते विनोग्रादस्कीने. अमोनियाचे नायट्राइट करणारे जीवाणू एक आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे दुसरे, हेही त्याने दाखवून दिले. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे त्याचीच.

नव्या पेटीत मासे का मरतात, ते यातूनच कळते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेले खाद्य कुजून त्यात भर घालते. जुन्या पेटीत वाळूवर, स्पंजवर, काचेवर हे जीवाणू वस्ती करून असतात. नव्या पेटीत ती वस्ती नसते आणि ते वाढतातही फार सावकाश. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागतो तेव्हा नायट्राइट चढते, आणि ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच हिरावून घेते. दोन्ही ओसरायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी पुष्कळदा कठीण आणि अल्कधर्मी असते. अशा पाण्यात अमोनिया अधिक जाचतो. सामू सातवरून आठवर गेला तर त्याचा विषारी अंश सुमारे नऊपट होतो, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक.

मासे आधीच आत असतील, तर घाई आणि अतिस्वच्छता हेच त्यांचे वैरी. खाद्य दिवसाआड आणि चिमूटभर द्यावे. पाव हिस्सा पाणी एक-दोन दिवसांआड बदलावे आणि नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवून मगच घालावे. नायट्राइट चढलेले असताना थोडे साधे मीठ माशांना तारते, कारण त्यातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. कुणाच्या घरी वर्षभर चाललेली निरोगी पेटी असेल, तर तिथला मळकट स्पंज मागून आणावा. विरजणासारखाच त्याचा उपयोग होतो. वीज गेली आणि पंप तासन्‌तास बंद राहिला, तर माशांइतकेच हे जीवाणूही प्राणवायूवाचून गुदमरतात, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर हीच गोष्ट फार मोठ्या काचेत दिसते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी भिगवण, कुंभारगाव, पळसदेवपर्यंत पसरलेले आहे. तेथील मासेमारी, चिलापीचा बाजार आणि रोहित पक्ष्यांचे थवे सर्वांना परिचित आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून याच जलाशयात उतरते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात अमोनियाचा निकाल लावणारे कामगारही विनोग्रादस्कीचे जीवाणूच. त्यांच्या हाताखालून न जाता जे पाणी खाली येते, त्याचे ओझे जलाशयावर पडते. उन्हाळ्यात पाणी आटते, हिरवा तवंग चढतो आणि काठच्या गावांना दुर्गंधी सोसावी लागते. पेटीतले पाव हिस्सा पाणी बदलता येते. उजनीचे बदलता येत नाही.

झुरिकमधील या यशानंतर लुई पाश्चर यांनी विनोग्रादस्कीला पॅरिसला येण्याचे निमंत्रण दिले. त्याने ते नाकारले आणि १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची सूत्रे घेतली. हवेतला नायट्रोजन मातीत बांधणारा, हवेवाचून जगणारा एक जीवाणू त्याने तेथे शोधला आणि त्याला पाश्चरांचे नाव दिले. पुढे तो संस्थेचा संचालकही झाला. परंतु प्रकृती साथ देईना. १९०५ मध्ये, पन्नाशीही गाठली नसताना, त्याने प्रयोगशाळा सोडली आणि युक्रेनमधील आपल्या जमिनीवर जाऊन शेती पाहू लागला. जवळजवळ पंधरा वर्षे संशोधन पूर्ण बंद होते.

रशियन राज्यक्रांतीनंतरच्या यादवीत ती जमीनही गेली. देश सोडून तो स्वित्झर्लंडमार्गे बेलग्रेडला आला आणि तेथे प्राध्यापकी करू लागला. १९२२ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एमिल रू यांनी त्याला पुन्हा बोलावले. तीस वर्षांपूर्वी नाकारलेले निमंत्रण वयाच्या सहासष्टाव्या वर्षी स्वीकारले गेले. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर या छोट्या गावात एका जुन्या घरात त्याने कृषी जीवाणुशास्त्राची प्रयोगशाळा थाटली. परीक्षानळीत एकटा कोंडलेला जीवाणू आणि मातीत हजारोंच्या झुंडीत जगणारा जीवाणू यांचे वागणे एकसारखे नसते, हा त्याचा आग्रह येथे पक्का झाला. मुलगी एलेन हिच्यासह त्याने नायट्रीकरणाच्या जुन्या प्रश्नालाही पुन्हा हात घातला. काचेच्या उभ्या नळकांड्यात गाळ, कागदाचे तुकडे आणि पाणी भरून ते उन्हात ठेवायचे आणि महिनाभरात हिरवे, जांभळे, काळे थर उमटताना पाहायचे, हा त्याच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग आजही विद्यार्थी करतात. उजनीकाठचा काळा गाळ त्याला अगदी योग्य ठरेल.

दुसऱ्या महायुद्धातही तो ब्रीमध्येच राहिला. आयुष्यभराचे निबंध एकत्र करून मृदा सूक्ष्मजीवशास्त्रावरील ग्रंथ त्याने १९४९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे वय ब्याण्णवच्या पुढे होते. फेब्रुवारी १९५३ मध्ये ब्री येथेच त्याचे निधन झाले.

त्याच्या निष्कर्षांत पुढे भर पडली, एक दुरुस्तीही झाली. घरगुती मत्स्यपेट्यांत नायट्राइट संपवण्याचे काम नायट्रोबॅक्टरपेक्षा नायट्रोस्पायरा हा जीवाणू करतो, असे १९९८ मध्ये दिसून आले. दोन टप्पे दोन निराळे जीवच करतात, हा त्याचा नियम मात्र सव्वाशे वर्षे टिकला. २०१५ साली दोन गटांनी दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जीवाणू शोधल्याचे जाहीर केले. एका गटाला ते रशियातील खोल विहिरीच्या उष्ण पाण्यातील थरात मिळाले. नेदरलँड्समधील नायमेखेनच्या गटाला सापडले ते मासे वाढवण्याच्या टाक्यांना जोडलेल्या एका फिल्टरमध्ये.