नकली काडतूस, खरा मृत्यू

हिरोने पडद्यावर बंदूक रोखली की आपण शिट्ट्या मारतो. ती खरी की खोटी, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. पण ब्रँडन लीचं काय झालं हे वाचलंत, तर यापुढे नक्की पडेल.

ब्रँडन म्हणजे ब्रूस लीचा मुलगा. जन्म १ फेब्रुवारी १९६५, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. तो आठ वर्षांचा असतानाच वडील गेले. बापाचं नाव मोठं, त्यामुळे सगळ्यांना त्याच्याकडून मारामारीच हवी होती. त्याला मात्र अभिनेता व्हायचं होतं. 'लेगसी ऑफ रेज', 'रॅपिड फायर' असं करत करत 'द क्रो' हाती आला. हाच त्याचा मोठा ब्रेक ठरणार होता.

शूटिंग नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला चालू होतं. रिव्हॉल्व्हर क्लोजअपमध्ये समोरून दाखवलं की आतल्या गोळ्यांची टोकं दिसतात. म्हणून डमी काडतुसं लागतात. दिसायला हुबेहूब, पण आत दारू नाही. इथे तयार डमी न आणता खऱ्या काडतुसांतली दारू काढून त्या बनवल्या गेल्या. पण एकीतला प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, तशीच राहिली. कधीतरी चाप ओढला गेला, टिकली फुटली आणि गोळी पुढे सरकून नळीत अडकली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले. ब्लँकमध्ये दारू असते, गोळी नसते. नुसता आवाज आणि जाळ. आता हिशोब करा. नळीत गोळी, मागे दारू. म्हणजे झालं की खरं काडतूस!

३१ मार्च १९९३, मध्यरात्र उलटून गेलेली. सीनप्रमाणे सहकलाकाराने चाप ओढला आणि गोळी ब्रँडनच्या पोटात शिरली. त्याच दिवशी तो गेला. वय अवघं २८. १७ एप्रिलला त्याचं लग्न ठरलं होतं. चौकशीत निष्काळजीपणा दिसला, पण फौजदारी खटला कुणावरच झाला नाही.

राहिलेले सीन त्याचा स्टंट डबल चॅड स्टाहेल्स्कीला घेऊन पूर्ण केले गेले आणि १९९४ मध्ये सिनेमा रिलीज झाला. 'जॉन विक'चा दिग्दर्शक तो हाच. ब्रँडन आता सिएटलमध्ये वडिलांच्या शेजारी विसावलाय.

तुमच्या एकांकिकेला किंवा शॉर्टफिल्मला बंदूक लागली, तर रबराची नाहीतर प्लॅस्टिकची घ्या. जाळ आणि आवाज एडिटिंगमध्ये टाकता येतो. आणि रिकामी आहे असं सांगून कुणी खरी घेऊन आलाच, तर शूटिंग तिथेच थांबवा.