इतिहासाचार्य राजवाडे आणि माउलींची पोथी

या ग्रंथात आपल्या फडावरच्या थोर मंडळींची चरित्रं आहेत, विणेकरी आहेत, चोपदार आहेत. त्यांच्या ओळीत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचं नाव पाहून काही माळकऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. पडू दे. राजवाडे माळकरी नव्हते, कीर्तनकार नव्हते. उलट संतांवर त्यांच्याइतकं कडक लिहिणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पण ज्ञानेश्वरीचा जुना पाठ काय होता असा प्रश्न निघाला, की त्यांचं दार ठोठावल्याशिवाय गत्यंतर नाही.

जन्म १८६३ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झालं, डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. इंग्रजी राज्यात बी. ए. म्हणजे सरकारी नोकरीचं दार उघडंच, पण ते त्या दारानं आत गेले नाहीत. थोडे दिवस मास्तरकी केली, तीही सोडली. पत्नी लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली. दुसरं लग्न करा म्हणून सांगणारे तेव्हा घरोघरी असत, पण यांनी ऐकलं नाही आणि पुढचं सगळं आयुष्य एकट्यानं काढलं. ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं. जगातले मोठे ग्रंथ मराठीत यावेत ही इच्छा. प्लेटोचा ग्रंथ त्यांनी स्वतः मराठीत आणला. मासिक चार वर्षंही टिकलं नाही. मात्र इंग्रजी उत्तम येत असून आयुष्यभर लिहिलं ते मराठीतच.

मग जुन्या कागदांचा नाद लागला. त्या काळी वाड्यावाड्यांच्या माळ्यावर मोडी कागदांची रुमालं पडलेली असत. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. पेशवाई जाऊन ऐंशी वर्षं झालेली, मोडी वाचणारी पिढी सरत आलेली, आणि घरच्या लोकांना त्या कागदांची किंमत राहिली नव्हती. काही कसर खायची, काही पावसात भिजायचे, काही वाण्याच्या पुड्यांना जायचे. जे शिल्लक होते त्यांचे मालक संशयी. जमिनीचा, वतनाचा काही घोटाळा निघेल म्हणून परक्याला दप्तर दाखवायची त्यांना भीती. अशा घरांच्या ओसरीवर हा माणूस जाऊन बसायचा. आर्जव करायचा, रुसायचा, भांडायचा, परत दुसऱ्या दिवशी हजर. सामान कमीत कमी, स्वयंपाक आपल्या हातचा, पाय आपले.

कागद हाती आला म्हणजे काम संपलं असं नाही. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ एका दमात चालते. पत्रावर महिना-चंद्र असतो पण साल पुष्कळदा नसतं. असलं तर सुहूर सन, त्याचा शकाशी मेळ घालायचा. मजकुरातल्या एखाद्या लढाईवरून, कुणाच्या मरणावरून साल ठरवायचं. मग सगळं बाळबोधीत उतरवायचं. हे त्यांनी हजारो कागदांचं केलं. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, त्यात पानिपताच्या आगेमागची, १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत. असे बावीस खंड झाले. पैसा कुणाचा, छापखाना कुठला, याची दर खंडाला नवी विवंचना.

आता माउलींच्या पोथीकडे येऊ. आपण पारायणाला घेतो तो पाठ नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेला. तोपर्यंत नकला करताना लोकांनी पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या, पाठ बिघडले होते. नाथांनी अनेक प्रती जमवून, ताडून, ग्रंथ निर्मळ केला आणि यापुढे कुणी भर घालू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. राजवाड्यांचा प्रश्न असा की नाथांच्या आधीची ज्ञानेश्वरी कशी दिसत होती? बीडच्या पाटांगणावरून त्यांना एक जुनी पोथी मिळाली. तिची भाषा नाथपूर्व आहे असं त्यांचं मत पडलं. १९०९ साली ती छापून निघाली आणि त्याच साली त्या भाषेचं व्याकरणही. तिच्यात ओव्या आपल्या पाठाहून कमी, शब्दांची रूपं जुनी. पहिल्यांदा वाचणारा अडखळतो. चार पानं सरली की कानाला गोडी लागते. पोथी त्यांनी सांगितली तितकी जुनी आहे का, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. आणि दुःखाची गोष्ट अशी की ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या माळ्यावरचे कागद वाचवले त्याच्याच हातची ही पोथी आपल्याला पाहायला मिळू नये! उरली आहे ती छापील प्रत.

राजवाड्यांचा संतांवरचा राग काय होता, तेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. न्यायमूर्ती रानडे म्हणत की संतांनी समाज जागा केला म्हणून शिवरायांचं राज्य उभं राहिलं. राजवाड्यांना हे मुळीच पटलं नाही. वारकरी संतांनी लोकांना सहिष्णु म्हणजे सोसणारं केलं आणि समर्थांनी जयिष्णु म्हणजे जिंकू पाहणारं केलं, असा त्यांनी भेद पाडला. माझ्या मते इथं आचार्य चुकले. हातात तलवार असेल तेवढीच हालचाल, असं त्यांनी धरलं. दुष्काळ आले, राज्यं बदलली, तरी दर आषाढीला शेतकरी, शिंपी, कुंभार, माळी एका टाळावर चालत राहिले, ही काय नुसती सोशिकता? आणि कागद जपण्याचंच म्हणाल तर तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी, एका तेल्याने, वहीत उतरवले, घराण्याने त्या वह्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी त्यांवरून गाथा छापली. राजवाडे वाड्यावाड्यांत जे शोधत हिंडले, ते आपल्या लोकांच्या घरांतही चाललं होतं. प्रती जमवून पाठ ताडणारे नाथमहाराज तर त्यांचे तीनशे वर्षं आधीचे वडीलधारेच म्हणायचे. हे नातं राजवाड्यांना दिसलं असतं तर बरं झालं असतं.

स्वभाव तापट. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, आणि पुढे सहकाऱ्यांशी पटेना म्हणून आपणच उभ्या केलेल्या संस्थेतून बाहेर पडले. शहाजीराजांच्या पदरच्या जयराम पिंड्ये कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’, उत्तर कोकणची ‘महिकावतीची बखर’ ही कामं त्यांनी उतारवयात उजेडात आणली, लांबलचक प्रस्तावनांसह. त्या प्रस्तावनांतली काही मतं आज टिकत नाहीत, काही वाचताना राग येतो. पण खाली छापलेली अस्सल पत्रं आणि ग्रंथ त्यांच्याशी वाद घालायलासुद्धा आपल्याला उपयोगी पडतात.

शेवटची वर्षं धुळ्यात गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथंच देह ठेवला. मागे बायकामुलं नाहीत, इस्टेट नाही. होते ते कागद. धुळ्याच्या मंडळींनी वेळ घालवला नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं आणि ती दप्तरं तिथं नेऊन ठेवली.