विश्लेषण : प्रार्थना लॅटिनमध्ये की लोकभाषेत? फादर स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी काय केले?

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुन्या लॅटिन विधीच्या मिस्सेवर निर्बंध घातले आणि कॅथलिक चर्चमधला उपासनेचा वाद पुन्हा तापला. उपासनेची भाषा कोणती असावी, हाही त्या वादाचा एक भाग. या प्रश्नाला गोव्यात एका इंग्रज धर्मगुरूने चारशे वर्षांपूर्वीच हात घातला होता.

थॉमस स्टीफन्स कोण होते?

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायरचा. प्रॉटेस्टंट राजवटीत तेथे कॅथलिकांची कोंडी होत होती. स्टीफन्स रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बन सोडून ते ऑक्टोबरमध्ये गोव्यात पोहोचले. १६१९ मध्ये निधन होईपर्यंत ते गोव्यातच राहिले. त्यातला बराच काळ साष्टीत गेला.

साष्टीत काय घडत होते?

पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना ठार केले. धर्म बदललेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, आणि चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये होती. ज्या सत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स आले, तिनेच ही पोकळी निर्माण केली होती.

त्यांनी कोणता मार्ग काढला?

मिस्सेची भाषा बदलणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी मराठी आणि कोकणी आत्मसात केली आणि बायबलमधील कथा मराठी ओवीत रचली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. स्थानिक लिपीत छपाईची परवानगी त्यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांकडे मागितली होती. पण ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या पश्चात, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे काय झाले?

१६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले : तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला. पुराणाच्या सतराव्या शतकातील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली, तर १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

आजच्या वादाशी संबंध काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. आज वसईत मिस्सा मराठीत होते, गोव्यात कोकणीत. गोव्यातील चर्चमध्ये कोकणी प्रामुख्याने रोमन लिपीत वापरली जाते आणि कोकणीच्या लिपीचा वाद अजून मिटलेला नाही.

लॅटिनच्या समर्थकांना तिच्यात परंपरा आणि जगभरच्या चर्चचे ऐक्य दिसते. स्टीफन्स यांच्या आयुष्यातून दुसरी बाजू दिसते. परदेशातून आलेला धर्म साष्टीतल्या माणसाला आपला वाटायचा, तर तो त्याच्या कानाला ओळखीच्या ओवीतून यावा लागला. भाषा कोणती, हा निर्णय मात्र प्रत्येक वेळी वरूनच झाला : १६८४ च्या बंदीचा आणि १९६३ च्या मोकळिकीचाही. मधल्या काळात पुराण सांभाळले ते सामान्य भाविकांनी.